साडेबारा

पहाटे पुन्हा मोजले. दोनच.
त्या क्वेसारच्या आसपास नऊ तरी हवेत
असं आमचं गणित म्हणतं. सापडल्या दोन दीर्घिका,
एक अंधुक, एक संशयित.

घणसोली गावात, खाडीकडे उतरणाऱ्या गल्लीत,
पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत मी हे काम करते.
खाली भाडेकरू सात. त्यांतल्या दोघांची
नावं मला माहीत नाहीत.

शेजारी मोजणं हा माझा धंदा आहे
असं आत्याला सांगितलं तेव्हा ती म्हणाली,
"कोनाचे?"

तर कोणाचे:
एक कृष्णविवर, अब्जभर सूर्य गिळून बसलेलं.
त्याच्या तोंडाशी घिरट्या घालणारा वायू इतका तापलेला
की ज्या दीर्घिकेत ते बसलंय
ती अख्खी त्याच्यापुढे विझल्यासारखी.
तिथला उजेड इथे पोचायला
साडेबारा अब्ज वर्षं.

"साडेबारा?"
आत्याने निवडत असलेलं सुकट खाली ठेवलं.
आमच्या घरात हा आकडा नुसता उच्चारता येत नाही.
साडेबारा टक्के म्हणजे खारीतली शेतं गेली
त्याबदल्यात कागदावर आलेला तुकडा;
म्हणजे आजोबा, हिराजी मढवी,
पिशवीत सातबारा घेऊन बेलापूरच्या कचेरीत
अकरा वर्षं एकाच बाकावर.
निघालेलं पोचायला वेळ लागतो
हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

मी सांगत राहिले. विश्वाचं एक जाळं आहे,
पाग म्हण, डोल म्हण. दोऱ्यांवरून वायू ओघळतो,
गाठींपाशी साचतो, तिथे दीर्घिकांची दाटी.
एवढं मोठं तोंड पोसायचं तर
गाठही तेवढीच मोठी हवी.
सिडकोवाले गाठीला नोड म्हणतात: वाशी नोड, नेरूळ नोड.
आमचं गाव कुठल्या नोडात पडलं
ते गावाला कोणी विचारलं नव्हतं.

म्हणून नऊ हवेत. म्हणून रात्र रात्र
हात लांब करून धरलेल्या मोहरीएवढा
आभाळाचा तोच तुकडा मी चाळते.
खिडकीबाहेर महापेच्या बाजूला डेटा सेंटर घुमतं,
आभाळ नारिंगी, खरा तारा एकही नाही.

शोधनिबंधात दोन शक्यता लिहिल्यात.
एक, ते खरंच एकटं आहे आणि आमचं गणित चुकलं.
दोन, त्याच्याच प्रखर उजेडाने
लहान शेजाऱ्यांचा वायू तापून उधळला,
तारे घडायचे ते घडलेच नाहीत;
वस्ती होती, पण उमलायच्या आधीच
इथे थांबले. "उमलायच्या" हा शब्द
शोधनिबंधात चालत नाही.

"तुजा तो मोठा, लय उजेर हाय ना त्याचा?"
हो म्हटलं.
"मंग शेजारी कसा दिसंल?
आमी रातचे चिंबोऱ्यांना जायचो खारीन.
बत्ती हातान असली का बाजूची होरी दिसत नाय.
कोन तरी खोकतं.
तवा समजाचा, भिका हाय तिकरं."

खोकतं.
म्हणजे धुळीत गुरफटलेल्या दीर्घिका,
ज्या या फिल्टरला दिसणारच नाहीत,
मिलिमीटरच्या लहरींवर कान लावला तर कदाचित.
ही तिसरी. माझी नाही, पण मी ती लिहिली.

त्या रात्री टेबलावरचा दिवा घालवून बसले.
दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी कूस बदलली,
पलंग करकरला. नाव नसलेल्या दोघांपैकी एक.

दुर्बिणीच्या वेळेसाठी अर्ज करायचाय.
सहा तास, मी म्हटलं.
"साडेबारा माग," आत्या म्हणाली, "अर्धा तरी मिलंल."
मी सहाच लिहिले.
पण कर्सर बराच वेळ
त्या सहापाशी लुकलुकत राहिला.