तुमचा अर्ज आमच्याकडे आहे

ब्रेमरहाफेनच्या मासळी कारखान्यात
पहाटे साडेचारला पट्टा सुरू होतो.
सेमहार वोल्डू माझ्या डावीकडे.
गोठलेल्या कॉडच्या चौकोनी विटा हातांखालून सरकतात,
एखादी तिरकी आली की ती बोटाने सरळ करते
आणि मान वर न करता विचारते,
"आज सोमवार ना?"

सोमवारी टपाल उशिरा येतं.

सव्वीस महिन्यांपूर्वी तिने अर्ज दिला.
मीच होते सोबत, सात नंबरच्या खिडकीपाशी.
फ्राऊ क्यूल्कननी कागद मोजले,
टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या, म्हणाल्या,
बारा ते अठरा महिने.
मध्ये चौकशी करू नये,
चौकशीने कामाला उशीर होतो.

माझ्या भाषेत म्हण आहे: सरकारी काम, सहा महिने थांब.
मी ती मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितली.
"फक्त सहा?" सेमहार म्हणाली,
"बरंय की तुमचं सरकार."

कागद माणसांपेक्षा लवकर म्हातारे होतात.
पगाराच्या तीन पावत्या शिळ्या झाल्या, ताज्या द्या.
भाडेपत्रावरचा घरमालक वारला,
त्याच्या मुलीची सही आणा.
फोटोतले केस आता तसे राहिले नाहीत.
आपण गुन्हा केलेला नाही, हेसुद्धा
काही महिन्यांनी नासतं,
पुन्हा तपासून घ्यावं लागतं.

फेब्रुवारीत पत्र आलं,
जन्मदाखला तुमच्या वकिलातीतून आणा.
ज्या दारातून ती रात्री पळाली
तेच दार वाजवून म्हणायचं,
मी तुमच्याकडे जन्मले होते, तेवढं लिहून द्या.
तीन दिवस ती पट्ट्यावर एक अक्षर बोलली नाही.
शेवटी केरेनमधल्या मावशीने
चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीतलं पान
फोनवर फोटो काढून पाठवलं.
त्याचं भाषांतर झालं तर नावात एक स्वर जास्त.
तो जास्तीचा स्वरही मीच आहे,
असं शपथेवर लिहून दिलं तिने.

माझा अर्ज अकरा महिन्यांत झाला होता.
मी तिला हे सांगितलेलं नाही.
नऊ वर्षं झाली त्याला, नियम वेगळे होते, वगैरे.
जेवणाच्या सुट्टीत ती डबा पुढे करते,
इंजेरा, आमच्या आंबोळीची लांबची बहीण,
आणि मी ते कार्ड असलेलं पाकीट
पिशवीच्या तळाशी ढकलते.

वाट पाहायची तर वाट दिसायला तरी हवी.
तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते
बंदरावरची क्रेन,
कुणाकुणाच्या पेट्या उचलते, ठेवते, उचलते.
वाट पाहता पाहता वाट लागते,
हा विनोद मला जर्मनमध्ये जमला नाही.

अर्जावर लिहिलंय: मुले एक, नातनाएल, वय चार.
गेल्या महिन्यात त्याचा पुढचा दात पडला.
डॉक्टरीणबाई म्हणाली, आता येईल तो कायमचा.
घरी येईपर्यंत तो गप्प होता.
मग जिन्यात थांबून आईला म्हणाला,
"म्हणजे तो कुणी परत मागणार नाही?"

आणि काल हे पत्र.
फ्राऊ क्यूल्कन निवृत्त झाल्या.
तुमचे प्रकरण यापुढे हेर ओल्टमान्स पाहतील.
तुमचा अर्ज आमच्याकडे आहे.
मी मोठ्याने वाचत होते, तिने थांबवलं,
तेवढी एक ओळ पुन्हा वाचायला लावली.
"आमच्याकडे आहे," ती म्हणाली.
"म्हणजे हरवला तरी नाही."

पट्टा सुरू झाला.
बऱ्याच विटा गेल्या.
"त्या ओल्टमान्सला मुलं असतील का गं?"
मला काय माहीत.
हातमोजे ओले, बोटं बधिर.

आज गुरुवार.
टपाल वेळेवर येतं.