मुदतवाढ

रुवीत जुलै. बाहेर सेहेचाळीस,
आणि मी स्वेटर घालून बसलेली.
अठरा अंशांच्या या खोलीत
माणसांपेक्षा यंत्रांना जपतात.
पंखे असे घोंगावतात की पहिल्या वर्षी
घरी गेल्यावरही मला
शांतता ऐकू यायची नाही.

माझी गिऱ्हाइकं लहान.
मत्राहचा अत्तरवाला, दोन टेलर,
खजुराचे डबे पाठवणारी अल खुवैरची एक बाई,
एक मल्याळी दंतवैद्य, ज्याच्या पानावर
पाच वर्षं तोच दात हसतोय.
सगळे एका यंत्राच्या पोटात
भिंतीला भिंत लावून राहतात
आणि एकमेकांना ओळखत नाहीत.
चाळीसारखं म्हणणार होते,
पण चाळीत निदान भांडणं ऐकू येतात.

हमी लिहून देते मी:
नव्व्याण्णव दशांश नऊ टक्के चालू.
उरलेल्याबद्दल कुणी विचारत नाही.
मी हिशेब केलाय. वर्षाला पावणेनऊ तास
मरायची मुभा.

दाऊद हमदुले, मूळ हर्णैचे,
बोटींची इंजिनं दुरुस्त करतात.
आले, खुर्चीच्या कडेवर बसले,
ग्रीसचे हात मांडीवर उताणे ठेवून.
"बाय, ता बंद करून टाक.
बारा रियाल म्हंजे काय थोडे?
तीन वर्षांत एक गिऱ्हाईक नाय आला तिथून."

मी लॉग उघडला.
लॉग कुणाला अडवत नाही, फक्त लिहून ठेवतो.
शोधयंत्रांचे कोळी वगळले
तर जूनचे तीस दिवस, तीस ओळी.
रोज रात्री साडेनऊ,
म्हणजे तिकडे अकरा.
पत्ता दापोलीच्या बाजूचा कुठलासा टॉवर.

"कुणीतरी येतं," म्हटलं. "रोज."
"गिऱ्हाईक?"
"नाही वाटत. तुमच्या हर्णैकडचं कोणी."

ते थोडा वेळ पंखे ऐकत राहिले.
मग नोटा काढल्या, थुंकी न लावता मोजल्या.
"फोटो तेवढा बदल. त्या जुन्यात
मी पार मळलेला."

नवा आला: इस्त्रीचा शर्ट,
मागे कॉर्निशचा कठडा,
पासपोर्टावर चिकटवावा असा चेहरा.
लावला. जुना पुसला.

दुसऱ्या रात्री साडेनऊ.
चारशे चार.
नऊ बत्तीस, चारशे चार.
नऊ चाळीस. दहा. दहा वीस.
म्हणजे पानावर कुणी येतच नव्हतं.
थेट त्या फोटोचाच पत्ता
कुणीतरी जपून ठेवला होता,
आणि आता त्या दारावर थापा मारत होतं,
आणि माझं यंत्र अगदी सभ्यपणे
दर वेळी सांगत होतं
की असं इथे काही नाही.

रविवारचा बॅकअप काढला.
फोटो पहिल्यांदाच मोठा करून पाहिला.
दाऊदभाई वाकलेले इंजिनावर,
डोळे उन्हाने बारीक.
आणि उजव्या कडेला
चौकटीने कापलेला एक हात,
पाना पुढे करणारा.
कोवळा. मनगटावर लाल पट्ट्याचं घड्याळ.
बाकीचा मुलगा फोटोच्या बाहेर.

तीन वर्षं मी ह्या फोटोचं भाडं घेत होते.

विचारलं नाही. काय म्हणून विचारायचं?
फाईल होती तिथे ठेवली, त्याच नावाने.
पानावर राहू दे इस्त्रीचा शर्ट.

दहा चव्वेचाळीस. दोनशे.
त्यानंतर काही नाही.

स्वेटर काढून खाली उतरले तर
रस्ता अजून तव्यासारखा,
शावरमावाल्यापुढे टॅक्सीवाल्यांची रांग.
तिकडे सव्वाबारा वाजून गेले असतील.

दाऊदभाईंची मुदत पुढच्या जुलैपर्यंत.
त्या एका फाईलपुढे
मी तारीख घातलेली नाही.