धर्मकाटा, रात्रपाळी

राइस मिलच्या काट्यावर माझी रात्रपाळी.
भरला ट्रक चढतो, आकडा लिहायचा.
रिकामा होऊन येतो, पुन्हा लिहायचा.
मधला फरक तेवढा धान.
बाकी लोखंड, डिझेल, ड्रायव्हरच्या सीटमागची देवी.

दोन ट्रकांच्या मध्ये, मिलच्या वायफायवर,
उडणाऱ्या बाईची मालिका. आठ भाग.
मोबाईल रजिस्टरला टेकवलेला.
शेजारी स्टुलावर चौकीदार दुधराम कापगते,
कानटोपी, काठी,
खिशात उकडलेल्या पोपटाच्या शेंगा.

पहिल्या भागात तिनं पूल उचलला.
"हे पिक्चरमधी मोठ्ठं दिसलं असतं," दुधराम म्हणाले.
खरंच होतं. तळहाताएवढी नदी,
करंगळीएवढा पूल,
आणि तो उचलायला केवढं कण्हणं.

तंबूत पाहिलेला माणूस.
वीस वर्षं टुरिंग टॉकीजच्या पेट्या वाहिल्या त्यांनी.
शंकरपटाच्या दिवसांत प्रिंट एक, तंबू दोन:
साकोलीला रीळ संपलं की
सायकलला बांधून सानगडीला न्यायचं.
तीन तासांचा पिक्चर सहा तास चाले.
एकदा पाचवं रीळ नहरात गेलं, सायकलसकट.
चौथ्या रिळात हिरो कड्यावरून पडलेला,
सहाव्यात घरी जेवत बसलेला.
तंबूतून कोणी उठलं नाही.
मधलं ज्यानं त्यानं आपापलं भरलं.
एका बाईनं म्हणे पाहिलं,
त्याला तिच्या गेलेल्या भावानं वर ओढलं.

तिसऱ्या भागात काहीच घडलं नाही.
उडणाऱ्या बाईनं भांडी घासली,
झगा धुऊन दोरीवर टाकला,
चिमटा सापडेना, म्हणून हातानं धरून उभी राहिली.
सहा मिनिटं. मोजली मी, सवयीनं.
नवरा मेल्याचं तोवर कोणी बोललं नव्हतं.
तिथंही कोणी बोललं नाही.
दुधराम शेंग सोलायचे थांबले.
"एवढा टाइम पिक्चरवाला देत नाही.
मागून लोक बोंबलतेत ना, रीळ पुढं ने म्हणून."

मग चौथा, पाचवा, सहावा:
वरणात पाणी, पाण्यात पाणी.
कोणीतरी कोणाचा तरी मुलगा निघाला, दोनदा.
खलनायक भिंतीशी बोलत होता;
मी एक ट्रक मोजून, पावती फाडून आले,
तरी भिंतीशीच.
सातव्यात लढाई, सगळी काळोखात.
पैसे संपले की काळोख करतात,
झाडीपट्टीतल्या कोणत्याही मंडळाला विचारा.

आठवा बाकी असतानाच मी हिशोब मांडला.
भरली गाडी: आठ. रिकामी: साडेपाच.
फरक अडीच, त्यात एक पिक्चर होतो.
पिक्चरमध्येही गाडीचंच वजन किती,
शिट्ट्यांच्या गोंगाटात ते कोण मोजतं?
पण ती सहा मिनिटं
कुठल्या रकान्यात लिहू, कळेना.

आठवा भाग. ती गच्चीच्या कठड्यावर, आता उडणार,
आणि स्क्रीनवर चाक फिरायला लागलं.
मी मोबाईल हलवला, दाराकडे धरला, शिवी घातली.
"थांब ना वो बाई," दुधराम म्हणाले,
"सायकल येत असन."

बसलो मग. बाहेर धुकं, कोंड्याचा वास,
ती तशीच, एक पाय हवेत.
त्यांनी अर्ध्या शेंगा माझ्यापुढं सरकवल्या.
"मी तं म्हणतो, उडतच नाही ते."
"काहून?"
"झगा ओला असन अजून."

फाटकाशी हॉर्न वाजला.
मी रजिस्टर ओढलं,
मोबाईल पालथा पडला.