पहिला ढीग लांब टाक

व्हिडिओ तू दोनदा पाठवलास,
तिसऱ्यांदा मी डोळे मिटून ऐकला.
लाल गाडी घेऊ नको, हर्षला.
रंग झकास आहे, पण तिचा पट्टा घसरतो.
वेग घेताना मध्येच एक श्वास अडकतो बघ,
सातपुड्याच्या चढावर म्हाताऱ्याचा अडकतो तसा.
विकणाऱ्यानं मागे गाणं लावलंय ते उगाच नाही.

फैजपूरला, सावदा रस्त्यावर, एकतीस वर्षं
मी पॉवर टिलरची पोटं उघडतोय.
बर्फ पाहिला तो लग्नाच्या सरबतात
आणि भुसावळच्या फलाटावर,
मासळीच्या पेट्यांतून गळताना.
तरी तू मला विचारलंस.
त्या रात्री दुकानाचं शटर
मी दोनदा ओढलं, कुलूप एकदाही लावलं नाही.

तुझी आई म्हणते, फावडं नाही का मिळत तिकडे?
तिला मी मापात सांगितलं :
दारापासून रस्त्यापर्यंत दीडशे फूट,
म्हणजे एका ओळीत केळीची तीस खोडं,
आणि गुडघाभर बर्फ, आठवड्यातून दोनदा.
मग ती काही बोलली नाही.
भरीत परतत राहिली, जरा जास्तच.

काल मुनाफभाईच्या बर्फ कारखान्यात गेलो.
चुरा मागितला, ट्रॉलीभर.
लग्न काढलं का कोणाचं, म्हणाला.
म्हटलं, पोरीचं अंगण झाडायचंय.
सुपडूनं चुरा फरशीवर पसरला,
छोट्या ट्रॅक्टरला पुढून लोखंडी पातं बांधलं.
दसऱ्याचं ऊन, छत्तीस डिग्री,
आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली.
हमाल हसले. मुनाफभाई हसला.
मी पण हसलो, पण मला घाम फुटला होता.

मग मागे वाळूची दोन पोती टाकली,
चाकांना साखळ्या आवळल्या,
सरळ पातं थोडं तिरपं केलं.
तेव्हा कुठे बर्फ कूस बदलून बाजूला पडला.
जड असतो गं.
चित्रात तर कापसासारखा दिसतो.

तर लिहून घे. नको, लिहू नको, ऐक.
इंजिनाचा आकडा सांगतील, तो ऐकून सोड,
गाडीचं वजन विचार.
चारही चाकं ओढतात का ते चालवून बघ,
कागदावर बघू नको.
पातं उचलायला तारेची चरखी पाहिजेच,
बाळंतपणानंतर तुझी कंबर धरते, मला माहीत आहे,
तू सांगितलं नसलंस तरी.
ती हिरवी गाडी जुनी आहे, सीट फाटलेली आहे,
पण आवाज एका दमाचा आहे.
न कळवता जा तिच्याकडे.
आधी इंजिनावर हात ठेव.
गरम लागलं तर चहासुद्धा न घेता परत फिर,
थंड असूनही पहिल्या खेपेला पेटलं तर भाव कर.

इथे मे महिन्यात उघड्या हातानं पाना धरवत नाही.
तिथे जानेवारीत धरवत नाही म्हणतेस.
लोखंड मेलं दोन्हीकडे चावतंच.
फडकं खिशात असू दे.

आणि एक. हे कोणी सांगणार नाही,
मला पण काल रात्री दोन वाजता सुचलं.
तुमच्याकडचा बर्फ एप्रिलपर्यंत जात नाही म्हणालीस ना?
मग पहिला ढीग लांब टाक.
जागा रिकामी दिसते म्हणून दारापाशी सोडू नको.
दुसरा त्याच्या अलीकडे येईल, तिसरा त्याच्या अलीकडे,
डिसेंबरातला आळस फेब्रुवारीत
दाराला येऊन टेकेल.

कारखान्यातला चुरा तासाभरात गेला.
आवारात नुसती ओल राहिली,
त्यात तीन कुत्री पाय ताणून झोपलेली.
पाच महिने जागचा न हलणारा ढीग
कसा दिसतो, मला खरंच माहीत नाही.
फोटो पाठव.
गाडी बाजूला घे,
आणि ढिगापाशी तू उभी राहा,
उंची कळायला.