इतिवृत्तात न घेतलेलं

सभा जिन्याखाली भरली, मीटरच्या पेट्यांसमोर,
कारण सहा वाजून गेले तरी
गच्चीवर पाय ठेववत नव्हता.
हजर अकरा. खुर्च्या सात.
मी सचिव. लिहिणं माझ्याकडे
आणि टाकीचा व्हॉल्व्हही माझ्याकडे,
कारण मी तळमजल्यावर राहतो
आणि मला नाही म्हणता येत नाही.

विषय एकच.
तीनशे तीनमध्ये नागव्वा हलकुडे
पहाटे साडेतीनला भाकऱ्या थापायला बसतात.
रोज दीडशे, कडक.
दुपारच्या गाडीनं पुण्याला जातात, पुठ्ठ्याच्या खोक्यातून,
वर शेंगाचटणीची पुडी.
दोनशे तीनमध्ये चिलवेरी झोपतात,
म्हणजे झोपायला जातात.

"तुम्ही तर मागाच्या खटखटीत वाढलात," कुणीतरी म्हणालं,
"पाळणाच शेडात होता म्हणे."
चिलवेरींनी चष्मा काढला.
"मागाचं काय ओ, तो थांबत नसतो.
भाकरी थांबते.
थप थप थप, आणि मग गप्प.
तव्यावर गेली, मला कळतं.
मग मी पुढच्या भाकरीची वाट बघत पडतो.
दीडशे वेळा."
कुणी हसलं नाही.
हे मी लिहून घेतलं नाही. असला रकाना नसतो.

नियम चौदा वाचला:
निवासी गाळ्यात व्यवसाय करता येणार नाही.
पुस्तिका आम्ही दुसऱ्या कुठल्या संस्थेची उतरवलेली,
पोहण्याच्या तलावाच्या नियमांसकट.
तलाव आमच्याकडे नाही.
पिण्याचंच पाणी पाच दिवसाआड.
येमूलबाईंनी विड्यांचं सूप पदराआड ओढलं,
मी विम्याच्या पावत्या खिशात ढकलल्या,
आणि हात वर केला.
सात विरुद्ध दोन.

नागव्वा भांडल्या नाहीत.
"सही कुठं करू, सांगा की," एवढंच.
वहीवर ज्वारीचं पीठ सांडलं थोडं.
मी ते झटकलं नाही, वही तशीच मिटली.

इमारत चार रात्री गप्प होती.
पाचव्या रात्री पाणी आलं
आणि कधी आलं, कुणालाच कळलं नाही.
चावीवाला घंटा वाजवत येत नसतो.
मला जाग आली तेव्हा दूधवाला जाऊन पिशव्या कोमट झालेल्या.
नळाला कान लावला. आत नुसता वारा.

तेव्हा ध्यानात आलं,
सहा वर्षांत मी कधी गजर लावलेला नाही.
वर पहिली थाप पडायची, मी उठायचो,
चपला घालून टाकीकडे जायचो.
मला वाटायचं, जबाबदारीची सवय.

टँकर मागवला. खर्च सारखा वाटला,
भागाकारात उरलेले रुपये माझ्या खिशातून.
चिलवेरी बादल्या घेऊन जिन्यात भेटले, डोळे लालच.
"लागली का झोप?"
"कसली ओ. आता वाट बघायलाही काही नाही."

शनिवारी रात्री ते वर गेले,
घडी घातलेली डबल चादर काखेत,
काठवटीखाली घालायला, आवाज मुरावा म्हणून.
दार उघडलं. बोलणं तेलुगूत सुरू झालं,
उत्तर कानडीत आलं,
आणि भांडण मराठीत झालं.
"भाकरी काय गादीवर थापतात?
नको मला तुमची चादर!"
दार आपटलं. चादर खाली आली, चिलवेरींसोबत.

नियम चौदा अजून आहे. कुणी खोडला नाही.
पण रविवारी साडेतीनला वर थाप पडली,
नेहमीपेक्षा जोरात, असं मला वाटलं.
अंधारात चपला सापडल्या, उलट्या पायांत गेल्या.
व्हॉल्व्ह दीड आटा फिरतो, मग अडतो,
फडक्यानं धरावा लागतो.
पाइपात खळखळ झाली, लांब कुठूनतरी.
दोनशे तीनचा दिवा लागला.

थप थप थप,
आणि मग गप्प.

मी चाकावर हात ठेवून उभा,
पुढच्या भाकरीची वाट बघत.