डावा कोना

सुपडू मिस्तरीने आधी विचारलं, फरशी किती जाडीची?
म्हटलं, अजून आणली नाही.
मग आकडा मी कोणत्या जमिनीपासून धरू, ताई,
आहे तिच्यापासून की होईल तिच्यापासून?

होईल तिच्यापासून.
माल दीड इंच, फरशी अर्धा,
भिंतीला गिलावा, वर टाइल्स,
एवढं सगळं नसलेलं मोजून
त्याने विटेवर खडूची फुली मारली:
तयार फरशीपासून आठ इंच वर,
भांड्याच्या मध्यापासून सहा इंच डावीकडे.
या खोलीत सरकीची पोती असायची.
ओल्या विटेला अजून तो तेलकट वास.

नाना दारात, खुर्चीत.
एकतीस वर्षं जिनिंगच्या काट्यावर
गाड्या तोलल्या त्यांनी,
भरलेली आधी, रिकामी नंतर,
मधला फरक म्हणजे कापूस.
फेब्रुवारीपासून उजवं अंग रिकामं.
रात्री मोरीकडे नेताना त्यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर,
आणि आम्ही दोघं दुसरीकडे बघतो.

पाइप मागच्या भिंतीतून उतरवतो, मिस्तरी म्हणाला,
टाकी वरच आहे, दोन एल्बो वाचतील.
ती भिंत मावळतीची.
एरंडोलचं ऊन मे महिन्यात तिच्यात
रात्री नऊपर्यंत मुक्कामाला असतं,
नळीत अडकलेलं पाणी चहाला चालेल इतकं.
तो म्हणाला, पहिला तांब्या सोडून द्यायचा.
आठव्या दिवशी नळ येणाऱ्या गल्लीत
हे मोठ्याने बोलू नये.
शिवाय नानांच्या उजव्या मांडीला ऊन-गार कळत नाही.
हे मी त्याला सांगितलं नाही.
मधल्या भिंतीतून आण, म्हटलं,
एल्बो माझ्याकडून.

छिन्नी लावली तेवढ्यात नाना बोलले.
शब्द त्यांच्या तोंडात हल्ली
बोळक्यात अडकलेल्या खड्यासारखा फिरतो.
"डावा… कोना?"

मला वाटलं कोपऱ्याचं काही म्हणतात.
मिस्तरीला बरोबर कळलं, तो अहिराणीतच हसला,
"नाना, डावा म्हंजे डावा.
तीस साल व्हयनात, बठ्ठासकडे डावीकडेच काढस."
"कोना?"

छिन्नी खाली राहिली.
त्याने रंगाचा रिकामा डबा उपडा घातला
नेमका जिथे भांडं बसणार तिथे,
आणि भिंतीला पाठ लावून त्यावर बसला.
उजवा हात पँटच्या खिशात घातला.
कुणी सांगितलं नव्हतं.
डाव्या हाताने हवेत नळी शोधली, मागे, बाजूला,
फुली त्याच्या उजव्या कुशीमागे, कुठेतरी लांब.
तीस वर्षं भिंतीकडे तोंड करून उभा राहिलेला माणूस
बराच वेळ उठला नाही.

मग नानांना आणलं, दोघांनी धरून.
डब्यावर बसवलं.
हात लांब करा, तो म्हणाला, ताणू नका,
लागंल तठेच थांबा.
नानांचा डावा हात बाजूच्या भिंतीवर सरकला,
धुळीत चार रेघा उठल्या,
काट्याचा दांडा स्थिर व्हावा तसा थांबला.
"आठे."
मिस्तरीने बोटांभोवती खडू फिरवला,
टेप लावला, होणारी फरशी वजा केली,
आकडा बिडीच्या कागदावर लिहून घेतला.
जुनी फुली त्याने अंगठ्याने पुसली.
विटेवरून ती पुरती गेली नाही.
असेल आता टाइल्सखाली.

आठव्या दिवशी पाणी आलं.
एका जोडातून गळलं, टेफलॉन पुन्हा गुंडाळलं,
अँगल कॉकने दोनदा खोकून हवा सोडली.
संध्याकाळी नाना भिंत धरत धरत गेले
आणि दार आतून लोटलं.
मी पॅसेजमध्ये उभी. आत काही वाजेना.
मग फवारा सुरू झाला, थांबला, परत सुरू झाला.

ऐकू नये म्हणून गच्चीवर गेले,
काम नसताना टाकीचं झाकण काढलं.
पाणी बोटभर उतरलं होतं.