दोन पिवळे दिवे

स्वयंपाकघरात दोन पिवळे. म्हणजे ठीक.
बैठकीत दोन पिवळे. बाथरूममध्ये दोन.
माझा टेस्टर मुठीएवढा, तीन दिव्यांचा;
एकटाच पिवळा लागला तर अर्थिंग तुटलेलं,
लाल लागला तर तारा उलट्या.
लाल कुठेच नाही.
"बाबांनीच केलं सगळं," व्हर्ना म्हणाली,
"रविवारी, रेडिओ लावून."

ब्यूट, मोंटाना. घर सन चाळीसचं.
त्या काळच्या भिंतींत दोनच तारा:
एक आणणारी, एक नेणारी.
तिसरी, जी एरवी काहीच करत नाही,
नुसती वाईट दिवसाची वाट पाहते,
ती तेव्हा कुणी घालत नसे.
मग या सॉकेटांना तिसरं भोक कुठून आलं?

मला खटकली ती तळघरातली फळी.
वॉशिंग मशीनसमोर, पायांनी खोलगट झालेली.
"आई त्यावरच उभी राहायची. रबरी बूट घालून.
म्हणायची, मशीन चावतं.
मग बाबांनी नवी सॉकेट आणली
आणि चावणं थांबलं.
फळी मात्र तिने हलवू दिली नाही."

मेन बंद केला. दोन स्क्रू.
भिंतीतून सॉकेट ओढलं: जुनी धूळ, उंदराच्या लेंड्या,
आणि हा करंगळीएवढा तारेचा तुकडा,
न्यूट्रलच्या स्क्रूवरून हिरव्या स्क्रूवर वाकवलेला.
नीटनेटका. पक्कडीचा एक ओरखडा नाही.
टेस्टरला एवढं पुरतं.
तो कागदावर अंगठा उठलाय का पाहतो,
कुणाचा ते विचारत नाही.

"म्हणजे खोटं?"
"म्हणजे न्यूट्रल कुठे सुटली असती,
तर मशीनच्या पत्र्यात पूर्ण एकशे वीस व्होल्ट."
व्हर्ना फळीकडे बघत राहिली.

एकतीस वर्षं एइनो लेहटोला
या गावाच्या पोटात उतरत होता,
हजार हजार फूट, तांबं काढायला.
आणि घराखाली आठ फूट जाववलं नाही?
हे मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हटलं,
"पुष्कळ लोक करायचे असं."
जे खरंही आहे.

शनिवारी सळई ठोकली, तांब्याच्या मुलाम्याची, आठ फुटी.
सहा फूट गुमान गेली, मग ठण्ण.
दगड असेल, नाहीतर खाणीतला भराव;
या गावात जमिनीची हमी कुणी देत नाही.
"दानित्सा, दे इकडे," म्हणत व्हर्नाने घण घेतला.
वय सदुसष्ट. कोट काढून कुंपणावर टाकला
आणि काय काय बोलली फिनिश भाषेत, मला कळलं नाही.
सळईला कळलं असावं.

मग पॅनेलपासून नव्या तारा, तिसरीसकट.
टेस्टर लावला.
दोन पिवळे. हुबेहूब आधीचेच दोन पिवळे.
आधी ती हसली, मग मीही.

मशीन लावून तिने बूट काढले, मोजे काढले,
गार सिमेंटवर उभी राहिली,
दोन्ही तळवे थरथरत्या झाकणावर.
बराच वेळ.

तो तुकडा मी कचऱ्यात टाकणार होते.
तिने मागून घेतला, कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.
फळी तिथेच आहे.